घेतलंत तर येईनच

शनिवारी, एकतीस ऑक्टोबरला, दुपारी साडेतीनच्या सुमाराला हेल्मी कार्वोनेननं आपलं मत तिसऱ्यांदा बदललं. त्या वेळी ती हेरॉन बेच्या चर्चमागच्या पार्किंगमध्ये गाडीच्या उघड्या डिकीत पाय सोडून बसली होती आणि लहान मुलांना चॉकलेटं वाटत होती. हॅलोविनला या गावात कुणी घरोघर फिरत नाही. घरं लांब लांब आहेत आणि सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा पोरांना उडवून नेईल असा असतो. म्हणून गावातल्या गाड्या चर्चमागे ओळीत उभ्या करतात, डिक्या उघडतात आणि पोरं एका डिकीकडून दुसऱ्या डिकीकडे पळतात. जाड कोटांवर चढवलेल्या राजकन्या, ड्रॅगन आणि भुतं सगळी सारखीच गोलमटोल दिसतात.

गाडी तिच्या बाबाची, वेस कार्वोनेनची. डोक्यावर मूस हरणाची कापडी शिंगं घालून तो शेजारी उभा होता आणि प्रत्येक पोराला घाबरून दाखवत होता. गाडीच्या मागच्या काचेवर निळं स्टिकर होतं : ब्रायरहिल कॉलेज. कुणाची पोरं कुठे शिकतात हे हेरॉन बेमध्ये गाड्यांच्या मागच्या काचांवरून कळतं. फरक एवढाच, की हेल्मी अजून कुठेच शिकत नव्हती. ती बारावीत होती आणि ब्रायरहिलला तिचा अर्जही गेला नव्हता.

"ब्रायरहिल!" रस्त्यापलीकडचे टेर्वोकाका डिकीत डोकावत म्हणाले. "म्हणजे ठरलं तर!"

"ठरलं!" बाबा म्हणाला. "काय सूप असतं हो त्यांच्या कँटीनमध्ये. मी दोन वाट्या प्यायलो."

"हो," हेल्मी म्हणाली, आणि पुढच्या पोराच्या पिशवीत दोन चॉकलेटं जास्त टाकली.

मग एक पाच वर्षांची मुलगी आली. तिनं पुठ्ठ्याची होडी कमरेला बांधली होती आणि होडीचं नाक खाली लोंबत होतं. हेल्मीनं चॉकलेटांची टोपली बाजूला ठेवली, डिकीतून चिकटपट्टी काढली, होडीचा कणा सरळ केला, बाजूंना बाक दिला. मागे रांग लागली, एक ड्रॅगन रडायला लागला, तरी तिचं लक्ष नव्हतं. होडी नीट तरंगल्यासारखी चालायला लागली तेव्हा हेल्मीनं डोकं वर केलं आणि तिचं ठरलं. किंवा पुन्हा मोडलं.

दोन गाड्या सोडून शाळेच्या समुपदेशक पेल्कीबाई मधमाशी होऊन उभ्या होत्या. बारावीच्या मुलांचे कॉलेजचे अर्ज त्यांच्या हातून जातात. हेल्मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, एक मिनिट."

"नको सांगूस. चेहऱ्यावर लिहिलंय. पुन्हा?"

"पुन्हा."

"ग्रे पॉइंट कॉलेज?"

"ग्रे पॉइंट."

पेल्कीबाईंनी डोक्यावरच्या दोन तारा हातानं सरळ केल्या. "हेल्मी, मी तुला बाराव्या वर्षापासून ओळखते. शाळेच्या सहलीला पिझ्झा निवडायला तू एवढा वेळ लावलास की बस सुटायची राहिली. पण इथे पिझ्झा नाहीये. हुकमाचं पान एकच आहे."

नियम हेल्मीला पाठ होता. नोव्हेंबरच्या एक तारखेपर्यंत एका कॉलेजला, आणि एकाच कॉलेजला, लिहून द्यायचं की तुम्ही घेतलंत तर मी येईनच. अशा मुलांना कॉलेज आधी बघतं आणि जरा मोकळ्या हातानं घेतं. या वचनाखाली तीन सह्या लागतात : मुलाची, आईवडिलांपैकी एकाची आणि शाळेची. ब्रायरहिलच्या वचनावर बाबाची आणि पेल्कीबाईंची सही होऊन आठवडा झाला होता. हेल्मीनं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं.

"ब्रायरहिलमध्ये तुझं बहुतेक होईल," पेल्कीबाई म्हणाल्या. "हे मी उगाच म्हणत नाही, त्यांना मी ओळखते. ग्रे पॉइंटचं मला काहीच सांगता येत नाही. आपल्या शाळेतून पार पूर्व किनाऱ्यावर, मेन राज्यात, कुणी गेलेलंच नाही. तिथे नाही झालं, तर ब्रायरहिलच्या दारात तू वसंतात उभी राहशील, सगळ्या गर्दीबरोबर. तेव्हा मी काही सांगू शकणार नाही."

"माहितीये."

"मग उद्या दुपारपर्यंत मी घरी आहे. नवीन सही हवी असेल तर करीन. पण आधी घरची सही आण." त्यांनी मूसच्या शिंगांकडे हनुवटीनं खूण केली. "त्याला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मला डंख नाही म्हणून वाचलीस. जा."

शनिवारची संध्याकाळ कार्वोनेनांच्या घरी सॉनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची असते. वेसच्या आजोबांनी फिनलंडहून येऊन सरोवराच्या काठावर घराआधी सॉना बांधला, घर नंतर. लाकडी खोली, आत दगडांनी भरलेली भट्टी; पण भट्टीचं तोंड बाहेर, पडवीत. आत बसणाऱ्यांनी दगडांवर पाणी टाकायचं आणि बाहेर बसणाऱ्यानं लाकडं. बायका आधी, पुरुष मागून. थेट सरोवरात उडी मारायची म्हणून सगळे पोहण्याचे कपडे घालूनच आत जातात. आणखी एक रीत आहे, ती कुणी कुणाला शिकवलेली नाही : आत आवाज चढवायचा नाही. त्यामुळे या घरातल्या अवघड गोष्टी शनिवारपर्यंत थांबतात.

हेल्मी वरच्या बाकावर बसली. एका बाजूला आई, लोर्ना. ती गावातल्या दातांच्या दवाखान्यात काम करते आणि माणसाला तोंड उघडायला लावण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. दुसऱ्या बाजूला सिल्वीआत्या, वेसची धाकटी बहीण. दोन आठवड्यांपूर्वी मैत्रिणीच्या लग्नाला मेनला निघालेली आत्या सोबत म्हणून हेल्मीला घेऊन गेली होती, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली होती.

"बोल," आई म्हणाली. "चर्चपासून घरापर्यंत तू एकही चॉकलेट खाल्लं नाहीस. मी बघत होते."

हेल्मीनं दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ वर आली. वाफेत बोलणं सोपं जातं.

"मला ब्रायरहिलला वचन द्यायचं नाहीये. ग्रे पॉइंटला द्यायचंय."

आत्यानं छताकडे बघत म्हटलं, "मी काही केलेलं नाही. मी फक्त गाडी चालवली."

"ग्रे पॉइंटबद्दल तू मला काय सांगितलंस?" आई म्हणाली. "आठव. 'छान आहे' म्हणालीस. ब्रायरहिल बघून आलीस तेव्हा तासभर बोलत होतीस. ग्रंथालय, गाण्याचा ग्रुप, खोल्या."

"कारण ग्रे पॉइंट मी बघितलंच नाही."

"म्हणजे?"

आत्या हसायला लागली. "सांग आता."

"कॉलेज दाखवायला एक मुलगा आम्हाला नेणार होता. मी लवकर पोचले. खाली धक्क्याजवळ एक शेड आहे. आत होडी बांधत होते, लाकडाची, मोठी. मी नुसती बघत होते. तिथल्या मुलीनं विचारलं, रंधा धरता येतो का? म्हटलं, येतो. तिनं हातात दिला."

"आणि?"

"आणि मी होडीतच राहिले. ग्रंथालय नाही बघितलं. कँटीन नाही. माहितीचं भाषण होतं, तेही नाही."

"मी लग्नातून परत आले," आत्या म्हणाली, "तर हिच्या केसांत भुसा, पोटात अन्न नाही, आणि मला म्हणते, अजून अर्धा तास थांब ना. अगं, नवरा-नवरी फिरायला गेले तरी हिची फळी बसेना!"

"ज्या कॉलेजचं कँटीनसुद्धा बघितलं नाही," आई सावकाश म्हणाली, "त्याला तू 'येईनच' म्हणून लिहून देणार."

"म्हणूनच तर मधे परत ब्रायरहिलवर आले होते ना मी. मला पण वेडेपणाच वाटतो. शिवाय पेल्कीबाई म्हणतात ब्रायरहिल जवळपास हातात आहे. हातातलं सोडायचं आणि..." तिनं घाम पुसला. "इथे एवढं गरम का होतंय?"

"तू पाणी ओततेयस."

"एकदाच ओतलं."

खरंच गरम होत होतं. आत्या वरच्या बाकावरून खालच्या बाकावर सरकली.

"बाबाला का नाही सांगितलंस?" आईनं विचारलं.

"तो किती खूश आहे बघतेस ना तू. अख्ख्या गावाला त्या सुपाचं सांगून झालं. बर्फात पाच तास गाडी चालवून हॉकीच्या मॅचला येणार म्हणतो. कॉलेजची टोपी घेतली. ग्रे पॉइंटला गाडीनं दोन दिवस लागतात, आई. तो कसा येणार? आणि मला हेच कळत नाही की मला ब्रायरहिल आवडलं, की बाबाला आवडलेलं बघून आवडलं."

बाहेर पडवीत काहीतरी धाडकन पडलं. भट्टीतून घोंघाट आला. दगडांचा रंगच बदलल्यासारखा वाटला.

"लोर्ना," आत्या म्हणाली, "माझे कान भाजले."

"माझ्या अंगठीचा चटका बसतोय."

"मला श्वास घेता येत नाहीये!"

तिघी एकदम उठल्या, दारावर आदळल्या आणि वाफेच्या ढगासकट पडवीत कोसळल्या. समोर वेस कार्वोनेन उभा होता. डोक्यावर अजून शिंगं, दोन्ही हातांत बर्चचा एक ओंडका, भट्टीचं तोंड उघडं. बायकांच्या आणि पुरुषांच्या, दोन्ही पाळ्यांसाठी रचून ठेवलेला लाकडांचा ढीग संपला होता. हातातला ओंडका शेवटचा होता.

वेसनं तो पाठीमागे लपवला. मग वेस म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही."

"मग आम्हाला भाजलंस कशाला रे, म्हशा!" आत्या ओरडली. आता त्या बाहेर होत्या, आवाज चढवायला मोकळ्या.

आई हसायला लागली. ती हसते तेव्हा आधी आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. मग हेल्मी हसली, मग आत्या, आणि हसता हसता तिघी लाकडी धक्क्यावरून धावत सुटल्या, कारण अंग खरंच पेटलं होतं. सरोवराच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरायला लागला होता.

"हेल्मी, ऐक!" आत्या पळता पळता ओरडली. "पाण्यात पडल्यावर खोटं बोलता येत नाही! वर येताना जे नाव तोंडातून निघेल, ते तुझं कॉलेज!"

हेल्मीनं उडी मारली. पाणी सुरीसारखं लागलं. ती वर आली, तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून जे निघालं त्यात कुठल्याही कॉलेजचं नाव नव्हतं, आणि ते ऐकून आईनं "हेल्मी कार्वोनेन!" असा पूर्ण नावानं दम भरला. मग आईनं स्वतः उडी मारली आणि तेच म्हणाली.

वेस टॉवेल आणि कोट घेऊन धक्क्यावर आला होता. आई आणि आत्या सॉनात परत गेल्या. हेल्मी कोटात गुंडाळून पायरीवर बसली, पाय लोकरीच्या मोज्यांत. बाबा शेजारी बसला. टोपीवरची शिंगं काढून त्यानं मांडीवर ठेवली.

"कुठलं लाकूड?" त्यानं विचारलं.

"काय?"

"होडीला. कुठलं लाकूड?"

"फळ्या सीडरच्या. आतल्या बरगड्या ओकच्या."

"वाफ देऊन वाकवतात?"

"हो! लांब लाकडी पेटी आहे, तिच्यात वाफ सोडतात. फळी बाहेर काढली की धावायचंच, बाबा, ती गार व्हायच्या आत दोन टोकांना चार जणांनी धरून वळवायची. एकानं ओरडायचं, बाकीच्यांनी दाबायचं. माझ्याकडे मागचं टोक दिलं होतं. आणि पहिल्यांदा मी चुकले, मी आधी खाली दाबलं, आधी आत वळवायचं असतं, मग खाली. आपण गॅरेजमध्ये टेर्वोकाकांची होडी केली तेव्हा आपणही उलटंच केलं होतं, म्हणून ती डावीकडे झुकते!"

"ती झुकत नाही."

"झुकते, बाबा. सगळ्या गावाला माहितीये. फक्त तुला कुणी सांगत नाही."

"लायनेल टेर्वोनं एका शब्दानं..."

"ते उजवीकडे बसतात! म्हणून त्यांच्या लक्षात येत नाही!"

हात पसरून ती दाखवत होती, टोक इथे, बाक इथून, दाब असा. कोट खांद्यावरून घसरला. मेनच्या त्या मुलीशी तिचं रोज बोलणं होत होतं, कुठली फळी बसली, कुठली तडकली. तेही तिनं सांगून टाकलं. वेस ऐकत होता. मग त्यानं हात पुढे केला आणि तिच्या केसांची एक बट धरली. ती काडीसारखी कडक झाली होती. टिचकी मारली तर वाजली.

"केस गोठले तुझे."

हेल्मीनं डोक्याला हात लावला. सगळेच केस गोठले होते. तिला पत्ता नव्हता.

"ब्रायरहिलबद्दल बोलताना तू कधी टोपी विसरली नाहीस," बाबा म्हणाला. आणि आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर दाबून बसवली.

मांडीवरची शिंगं त्यानं पायरीवर ठेवली.

"ते स्टिकर," तो म्हणाला. "मला माहीत होतं अर्ज गेलेला नाही. वाटलं, चिकटवलं की पक्कं होईल. पाच तासांवर राहशील. तू लांब जाणाऱ्यांपैकी आहेस हे मला तू चालायला लागलीस तेव्हाच कळलं होतं. चाललीस ती सरळ रस्त्यावर."

"तुला वाईट वाटेल?"

"वाटेल की. तोंड पाडून बसेन. पण पंधरा तारखेला हरणांची शिकार सुरू होते, त्याच्या आत आटपेन."

हेल्मी हसली आणि लगेच थांबली. "पण तिथे नाही झालं तर? बाबा, ब्रायरहिल चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. शिक्षक ओळखीचे झालेत. आणि मी ग्रे पॉइंटचं कँटीनसुद्धा..."

"कँटीनचं काय घेऊन बसलीस. खायला घालतातच सगळीकडे."

"तूच सुपाचं..."

"सूप काय, पाणीच असतं!"

"दोन वाट्या प्यायलास!"

"भूक लागली होती! आणि डोंगरावर आहे ते ब्रायरहिल. होडी कुठे घालशील, बाथटबमध्ये?"

"तिथे नदी आहे!"

"नदी! त्याला नदी म्हणतात? मी पँट न भिजवता ओलांडली असती."

सॉनाच्या दारातून आईनं डोकं बाहेर काढलं. "मी दोन मिनिटं ऐकतेय. तुम्ही दोघं बाजू बदलून भांडताय. वेस, लाकडं आण. इथे आता गारठलंय."

रात्रीच्या जेवणाला भट्टीवर भाजलेले सॉसेज होते, मोहरी, आणि आत्यानं आणलेला वेलदोड्याचा पाव. जेवताना कुणी कॉलेजचं नाव काढलं नाही. टेर्वोकाकांच्या होडीवर मात्र बरीच चर्चा झाली. वेसनं शेवटी एवढंच मान्य केलं, की ती वारा असताना झुकते.

रविवारी सकाळी हेल्मी खाली आली तेव्हा आई, बाबा आणि आत्या तिघंही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉफी घेऊन बसलेले होते, आणि तिघांनीही आपण तिची वाट बघत नाही असं दाखवायचा प्रयत्न केला. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि वेसकडे वळवला. पडद्यावर ग्रे पॉइंटचं वचन होतं. वेसनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"सही कर ना," आत्या म्हणाली.

"वाचून करतो मी. मागच्या वेळी न वाचता केली." त्यानं सगळं वाचलं. "'घेतल्यास येण्यास बांधील.' बांधील कोण, ती का मी?"

"ती. आणि तिला तिथे सोडून घरी परत यायला तू," आई म्हणाली.

त्यानं आपलं नाव टाइप केलं. एका बोटानं, सावकाश, आणि आडनावात चुकला म्हणून पुन्हा.

पेल्कीबाईंना हेल्मीनं निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "खात्री?" हेल्मीनं लिहिलं, "नाही. पण हेच." थोड्या वेळानं तिसरी सही पडद्यावर उमटली. पाठोपाठ फोनवर मधमाशीचं चित्र आलं.

बटण दाबायच्या आधी हेल्मीनं हात पँटला पुसले. दाबलं. काही झालं नाही. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. गावात इंटरनेट वाऱ्याच्या मर्जीनं चालतं. चौघं गोलाकडे बघत राहिली. मग अचानक पान बदललं आणि पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे पडायला लागले. अर्ज पाठवला की तसे पडतात, सगळ्यांनाच.

वेसला ते माहीत नव्हतं.

"घेतलं!" तो खुर्ची मागे पाडून उठला. "लोर्ना, घेतलं तिला! बघ, कागद उडवताहेत!"

"बाबा, नाही रे, नुसता अर्ज गेला..."

पण त्यानं तिला उचललं होतं आणि तो तिला घेऊन टेबलाभोवती फिरत होता. आई त्याला समजावायला उठली आणि समजावायच्या ऐवजी तीही फिरायला लागली. आत्यानं कॉफीचे कप वाचवले. खरं काय ते वेसला कळलं तेव्हा तो जरा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "बरं. तर मग सराव झाला," आणि पुन्हा फिरायला लागला.

दुपारी जेवायच्या वेळेला मेनहून मेल आली. अर्ज मिळाला, कागदपत्रं पूर्ण आहेत, निर्णय डिसेंबरच्या मध्यात कळवू. एवढंच. ब्रायरहिलचा अर्जही हेल्मीनं पाठवून दिला, बिनवचनाचा, वसंतातल्या गर्दीतला. जेवण झाल्यावर वेस गॅरेजमध्ये गेला. त्यानं टेर्वोकाकांना फोन करून होडी परत आणायला सांगितलं, फळ्यांचा बाक सुधारायचाय म्हणून. हेल्मी त्याला मदतीला गेली, आणि तिथून दोघांचा वाद बराच वेळ घरापर्यंत ऐकू येत होता.

चार वाजता हेल्मी एकटीच अंगणात आली आणि तिनं पेल्कीबाईंना फोन लावला. तो लागला नाही. निरोप तिनं ठेवला नाही. फोन कशासाठी केला होता, मत चौथ्यांदा बदललं होतं की काय, हे तिनं अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.